कोल्हार खु.

दगडूभाईंसमोर कुणी 'चौक' हा शब्द काढला, की ते ऐकू न आल्यासारखं करायचे. पुन्हा म्हटलं, तर सायकलची घंटी उगाच एकदा वाजवायचे. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ बहुतेक येत नसे, कारण तोवर आपलं काहीतरी चुकलंय हे समोरच्याला कळलेलं असायचं. काय चुकलं ते मग दगडूभाईच सांगायचे. "पुन्याला चौक असत्यात. हितं खुंट असतो."

दगडूभाई शेख पोस्टमन होते आणि मी त्याच ऑफिसात टपाल वेगळं करणारा कारकून. मी मूळचा शेवगावकडचा, नोकरीसाठी नगरला आलेला. खुंट हा शब्द मला गोठ्यातला माहीत होता. म्हैस बांधायचा, पायाला ठेचकाळणारा. रस्त्याला रस्ता मिळतो त्या जागेलाही जुन्या नगरात खुंट म्हणतात हे मला इथं येऊन कळलं. तेलीखुंट, पारशाखुंट ही नावं अजून आहेत. तसं का म्हणतात हे आपल्याला ठाऊक आहे असं जे सांगतात, त्यांतल्या कुठल्याही दोघांची उत्तरं जुळत नाहीत.

दगडूभाईंचं उत्तर त्यांच्या घरातलंच होतं. त्यांचे वडील घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दावी, कासरे आणि लाकडी खुंट घेऊन बसायचे. "बाजारात जनावरं लई. ज्यानं खुंट ठोकला त्याला उभं ऱ्हायला जागा. बाकीचे नुसते फिरत ऱ्हात्यात," असं ते सांगायचे. विसाव्या वर्षी नोकरीला नगरला आले, तेव्हा एस.टी. स्टँडवर कुणीतरी त्यांना 'सरळ तेलीखुंटावर जा' म्हणून सांगितलं. "मला वाटलं, हे तर आपलंच गाव हाय. हितं रस्तेबी बांधून ठेवल्यात." एवढ्यावर ते या शहरावर लुब्ध झाले ते झालेच.

उंच, काटकुळा माणूस. चैत्रातसुद्धा खाकी कोटाची वरची गुंडी लावलेली असायची. बीटवर निघण्याआधी सगळे पोस्टमन पत्रं घरांच्या क्रमानं लावून घेतात. दगडूभाई लावता लावता प्रत्येक पत्ता मोठ्यानं वाचायचे, मास्तरांनी हजेरी घ्यावी तसा. आम्हा बाकीच्यांची गिनती चुकायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "दगडूभाई, मनात वाचा की." तर म्हणाले, "मनात वाचलेला पत्ता मनातच ऱ्हातो, भाऊसाहेब." नगरकडे कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात, त्यात मान किती आणि टोमणा किती हे म्हणणाऱ्याच्या आवाजावर असतं. दगडूभाईंच्या आवाजात दोन्ही सारखंच असे.

या हजेरीतूनच त्यांची पत्त्यांबद्दलची मतं तयार झाली होती. वेशीच्या आतली पत्रं दोन शब्दांवर यायची. नाव, त्याखाली 'तेलीखुंट, नगर', की संपलं. नव्या वसाहतींचे पत्ते चार चार ओळींचे. अमक्या बंगल्याजवळ, तमक्या दवाखान्यामागे, पाण्याच्या टाकीसमोर. दगडूभाई 'जवळ', 'मागे', 'समोर' हे शब्द वाचताना जरा थांबायचे. "ज्याला सोताची जागा न्हाई, त्यो दुसऱ्याच्या जवळ ऱ्हातो," म्हणायचे. मग माझ्याकडे बघून, "तुमी कुनाच्या मागं ऱ्हाता, भाऊसाहेब?" मी तेव्हा एका मंगल कार्यालयाच्या मागे भाड्यानं राहत होतो.

नगर वाढायला लागलं होतं. मनमाड रस्त्याच्या कडेनं शेतं बिनशेती होऊन प्लॉट पडत होते आणि पाथर्डी, शेवगाव, पारनेर, पार बीडपर्यंतची माणसं तिथं येऊन राहत होती. कुणी कंपनीत, कुणी शाळेत, कुणी कचेरीत. सगळे दिवाळीला 'गावाला' जायचे, म्हणजे हे गाव नव्हे, हे सगळ्यांनाच कबूल होतं. पेपरात मात्र नगर झपाट्यानं वाढतंय म्हणून कौतुक यायचं. दगडूभाई ते वाचून पेपर घडी घालून ठेवत. "वाढनं येगळं, सुजनं येगळं. हात लावून बगावं लागतं."

त्याच सुमाराला गावात एक व्याख्यान झालं. विषय होता वाढत्या शहरांची सांस्कृतिक ओळख. मी गेलो होतो, कारण सभागृहात पंखे होते. पुण्याचे एक प्राध्यापक आले होते. गोड बोलणारे, हसतमुख. ते म्हणाले, पुण्याला ओळख आहे, कोल्हापूरला आहे, नाशिकला आहे. नगर मात्र पुण्याहून औरंगाबादला जाताना लागतं. लोक हसले. आपल्यावरचा विनोद असला तरी तो पुण्याहून आलेला असल्यामुळे जरा जास्तच हसले.

दगडूभाई दाराशी उभे होते. कार्यक्रमाच्या चिटणिसांचं रजिस्टर पत्र होतं, सही पाहिजे होती, आणि चिटणीस व्यासपीठावर अडकले होते. हसू ओसरल्यावर दगडूभाईंनी तिथूनच विचारलं, "साहेब, तुमच्या पुन्यात खुंट हाय का?"

प्राध्यापकांना शब्द कळला नाही. त्यांनी विचारलं, "खुंट म्हणजे चौकच ना?"

दगडूभाईंच्या हाताशी घंटी नव्हती. ते म्हणाले, "न्हाई. चौक म्हंजे मधी काय न्हाई, रस्ते नुसते आलं आनि गेलं. खुंट म्हंजे मधी काय तरी हाय आनि रस्ते त्याला बांधल्यात. तुमच्या गाड्या आमच्यातनं जात्यात, साहेब, ते खरं. पर जाताना खुंटाला वळसा घालून जात्यात."

मागच्या रांगेतल्या चारपाच जणांनी टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकही मोठ्या मनानं हसले. दगडूभाईंनी व्यासपीठाच्या कडेला जाऊन चिटणिसांची सही घेतली, पेन परत मागून घेतलं आणि निघून गेले. त्या संध्याकाळी मला या माणसाचा हेवा वाटला. माझ्याकडे असं विचारायला काहीच नव्हतं.

पुढच्याच वर्षी त्यांची बीट बदलली. वेशीच्या आतून काढून त्यांना थेट त्या नव्या वसाहतींवर टाकलं. मला वाटलं हा माणूस आता रजा टाकणार. त्यांनी पहिल्या दिवशी तिथले पत्ते मोठ्यानं वाचले, वीस-बावीस 'जवळ' आणि 'मागे' मोजले आणि सायकलवर टांग मारताना म्हणाले, "हितं एक तरी खुंट ठोकाय पायजे."

आम्ही हसलो. त्यांनी मात्र ते मनावर घेतलं होतं.

वसाहतीच्या मध्यावर चार रस्ते मिळायचे. रस्ते कच्चेच, मुरुमाचे. कोपऱ्यावर कोल्हारहून आलेल्या एका माणसाची पिठाची गिरणी होती. जागेला नाव नव्हतं; कुणी 'गिरणीजवळ' म्हणे, कुणी 'त्या चौकात'. रस्त्यांच्या बरोबर मध्ये शेताच्या वेळचा एक हद्दीचा दगड उरला होता. गाड्या त्याला वळसा घालत. दगडूभाईंनी घरून चुना आणला, तो दगड पांढरा केला आणि जागेचं नाव ठेवलं कोल्हारखुंट. गिरणीवाला एवढा खूश झाला, की महिनाभर जो दळण आणेल त्याला तो ते नाव ऐकवत होता.

मग दगडूभाई घरोघर सांगत सुटले. पत्र दिलं की दारात थांबायचे. "ताई, भावाला लिवताना पत्ता नीट लिवा. कोल्हारखुंट. बाकी जवळ-बिवळ काय नको." कुणाला गंमत वाटली, कुणाला बरं वाटलं. पत्ता चार ओळींवरून दोनवर आला. दीडेक वर्षात बाहेरगावची पत्रं 'कोल्हारखुंट, नगर' अशी यायला लागली. एकदा स्टँडवर एका रिक्षावाल्याला मी तेच नाव घेताना ऐकलं आणि जागा कुठं आहे हे त्याला गिऱ्हाइकाला विचारावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी हे मी दगडूभाईंना सांगितलं, तर ते हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिले. "त्यो कुठला हुता, रिक्षावाला?" मी म्हटलं, बोलण्यावरून आष्टीकडचा वाटला. "बीड जिल्ह्याचा मानूस खुंट म्हनला?" त्या दिवशी त्यांनी सगळ्या ऑफिसाला चहा पाजला.

तोवर मीही त्याच वसाहतीत एक लहानसा फ्लॅट घेतला होता. माझ्या पत्त्यातला 'मागे' गेला होता आणि कोल्हारखुंट आला होता. हापिसला निघालो की त्या पांढऱ्या दगडाला वळसा घालून जायचो. आपण कुठंतरी राहतो असं वाटायचं. दगडूभाईंची खात्री होती, की पाचदहा वर्षांत वसाहतीत आणखी खुंट होतील, आणि मग वेशीच्या आतलं नगर आणि बाहेरचं नगर एकाच नावानं ओळखलं जाईल. मलाही ते तसंच होणार असं वाटत होतं, हे कबूल करतो.

गिरणीमागच्या ओळीत साळवे म्हणून कुटुंब होतं. साळवे कंपनीत पाळीवर जायचे. त्यांची थोरली संगीता डी.एड. झाली होती. घराण्यातली पहिली शिकलेली मुलगी. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी तिचं प्रमाणपत्र लावलेलं होतं. गावातल्याच एका संस्थेच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती, तिनं अर्ज केला होता आणि ती मुलाखतीच्या पत्राची वाट बघत होती. दगडूभाई रोज त्या दारावरून जाताना काही नसलं तरी थांबून सांगायचे, "आज न्हाई आलं, पोरी. येईल."

आलं ते मुलाखत होऊन गेल्यावर दोन दिवसांनी आलं.

झालं होतं ते असं. अर्जातला पत्त्याचा रकाना लहान. संगीतानं त्यात मावावं म्हणून 'कोल्हार खु., नगर' असं लिहिलं. संस्थेच्या कारकुनानं पाकिटावर तेच उतरवलं. आता आपल्याकडे गावाच्या नावापुढं 'खु.' दिसलं की खुर्द आणि 'बु.' दिसलं की बुद्रुक, हे शाळेच्या दुसरीतलं पोर सांगेल. आणि कोल्हार खुर्द नावाचं गाव नगर-मनमाड रस्त्यावर, राहुरी तालुक्यात खरोखरच आहे. तेव्हा पत्र राहुरीच्या पिशवीत पडलं, तिथून कोल्हार खुर्दला गेलं, तिथं कुणी संगीता साळवे सापडेना, आणि 'या नावाची व्यक्ती गावात नाही' असा शेरा घेऊन परत आलं. शाळा मुलीच्या घरापासून सायकलवर दहा मिनिटांवर. पत्र तेवढ्यासाठी शंभरेक किलोमीटर फिरून आलं होतं.

राहुरीच्या पिशवीत ते मी टाकलं होतं. माझी एक सवय होती. पत्ता अपुरा वाटला की पत्र ज्या पोस्टाकडे पाठवायचं त्याचं नाव मी लाल पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहायचो. त्या पाकिटाच्या कोपऱ्यात 'राहुरी' लिहिलेलं होतं. परत आलेलं पत्र दगडूभाईंनी नाव ओळखून हातात घेतलं, सगळे शेरे वाचले. मोठ्यानं नाही, मनात. आणि त्या लाल अक्षरावरून अंगठा फिरवला. मी समोरच बसलो होतो. आता विचारतील, असं मला वाटलं. ते काही बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही.

ते साळव्यांकडे गेले तेव्हा मी मुद्दाम सोबत गेलो. संगीतानं पत्र उघडलं, तारीख वाचली आणि पुन्हा घडी घालून पाकिटात ठेवलं. तिचे वडील रात्रपाळी करून झोपले होते, ते उठून बाहेर आले. दगडूभाई उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून म्हणाले, "साळवेसाहेब, पत्ता मी लिवायला लावला हुता. चूक माजी हाय."

संगीता म्हणाली, "न्हाई काका, मीच बारीक लिवलं."

"पुरतं लिवलं असतं तरी कुनी तरी खुर्द वाचलंच असतं कदी तरी." साळव्यांनी आत बघून चहा ठेवायला सांगितलं. दगडूभाई नको म्हणाले. कुठल्याही घरचा चहा त्यांनी नाकारलेला मी त्या दिवशीच पाहिला.

ते दुसऱ्या दिवशी संस्थेत गेले, तिथल्या लोकांपुढं हात जोडून सगळं सांगून आले. जागा भरली होती. पुढच्या वर्षी जाहिरात निघेल असं तिथं सांगितलं, निघाली नाही. संगीता कापडबाजारात एका साड्यांच्या दुकानात लागली. मी अधूनमधून तिला काउंटरमागे बघायचो आणि दुसऱ्या दुकानात शिरायचो.

त्यानंतरचा आठवडा मला विसरता येत नाही. दगडूभाई पुन्हा घरोघर गेले. प्रत्येक दारात थांबले. "ताई, पत्ता बदलून घ्या. खुंट लिवू नका. चौक लिवा. गिरणीजवळचा चौक." ज्यांनी त्यांना खुंटावरून चिडवलं होतं त्यांनी विचारलं, "का हो दगडूभाई, आता चौक कसा काय?" ते म्हणायचे, "चौक समद्यांना वाचता येतो." मी त्यांना दगडाशी थांबलेलं पाहिलं. चुना पडायला लागला होता. त्यांनी नवा लावला नाही.

वर्षभरात रस्ता डांबरी झाला आणि दगड जेसीबीनं उचलला. तिथं एका पुढाऱ्याच्या नावाची पाटी लागली, तीही चौकाचीच. नवे लोक आले, त्यांनी कोल्हारखुंट हे नाव ऐकलंही नव्हतं. गिरणीवाला आणखी काही दिवस म्हणत राहिला, मग त्यानंही सोडलं. दगडूभाई निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेबांनी त्यांचं अगत्य, त्यांचा वक्तशीरपणा, सगळं सांगितलं. उत्तरादाखल ते फक्त म्हणाले, "पिनकोड लिवत जावा. नावापेक्षा त्यो बरा." आणि खाली बसले. ते घोडेगावला परत गेले, घरच्या धंद्यावर.

मी मनाशी अनेकदा ठरवलं, की जाऊन सांगून टाकावं. तीन वर्षं ठरवण्यातच गेली. बायकोच्या मते मला साडेसाती होती, म्हणून आम्ही शिंगणापूरला तेल वाहून आलो. येताना घोडेगावला गाडी बदलायची होती. तिला चहाच्या टपरीवर बसवून मी बाजाराकडे गेलो.

बाजार उठला होता. शेणामुताचा वास आणि तुडवलेला कडबा एवढंच मागं राहिलं होतं. दगडूभाई एकटेच ओळीनं रोवलेले खुंट उपटून पोत्यात टाकत होते. म्हातारे झाले होते, पण कोटाची सवय गेली नव्हती, तसलाच एक जुना, वरची गुंडी लावलेला. मला बघून त्यांना आनंद झाला. "भाऊसाहेब, कसं काय येनं केलं?" मग इकडचं तिकडचं झालं. मी धीर करून म्हटलं, "दगडूभाई, त्या पाकिटावरचं 'राहुरी' माझं होतं."

ते खुंट डावीउजवीकडे हलवून सैल करत होते. हात न थांबवता म्हणाले, "म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पत्र परत आलं तवापासून. तुमच्या 'रा'चं शेपूट मला वळखू येत न्हाई व्हय? वीस वर्सं बघितलंय."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलायचं?" त्यांनी खुंट उपटला आणि माती झटकली. "दुसऱ्या कुनी टाकलं असतं, तर मी म्हनलो असतो, नवा मानूस हाय, चुकला. लोकास्नी आनखी लिवायला लावलं असतं. पर तुमी तितंच ऱ्हात हुता. त्या दगडाला वळसा घालून हापिसात यायचा. आनि 'खु.' बघितल्यावर तुमालाबी खुर्दच आठवलं." ते जरा थांबले. "तवा मला कळलं. खुंट समद्यांच्या तोंडात बसला हुता, डोक्यात न्हाई. तुमचा काय दोष न्हाई, भाऊसाहेब. ती जागा तशीच हाय. तितं काय रुतत न्हाई."

मला क्षमा मागायची होती. ज्याची मागायची ते काय आहे, हेच मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मला वाटत होतं मी एक पत्र चुकवलं. मी त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं खोटं पाडलं होतं, तेही पत्ता वाचायच्या सवयीनं, काही विचार न करता.

गाडीचा हॉर्न वाजला. बायको लांबून हात करत होती. दगडूभाई म्हणाले, "जावा, गाडी चुकंल." आणि मी वळल्यावर मागून विचारलं, "चौकात समदे बरे हायेत ना?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. दगडूभाई पुढच्या खुंटाशी वाकले होते. खुंट निघाला की तिथं राहिलेलं भोक ते पायानं माती सारून बुजवायचे आणि पुढच्याकडे सरकायचे. गाडी सुटली तेव्हा चार-पाच खुंट उरले होते.